खिडकीपाशी बसलेला रेम्ब्रांट: एचिंग कसं घडतं, ते एका चित्रातून

चित्र अगदी लहान आहे. उंची साधारण १६ सेंटीमीटर, रुंदी १३. डावीकडे खिडकी, तिच्यातून आलेला उजेड मेजावर पडलेला आणि मेजामागे बसलेला बेचाळिशीचा एक माणूस. डोक्यावर काठाची टोपी, अंगात कामाचा गडद डगला, चेहरा भरलेला. उजव्या हातातल्या टोकदार हत्याराचं टोक समोरच्या पृष्ठभागावर टेकलंय आणि त्या पृष्ठभागाखाली पुस्तकासारखा जाड आधार घेतलाय. खोलीचा बाकीचा भाग काळोखात बुडालाय. माणसाचं लक्ष मात्र स्वतःच्या हाताकडे नाही. तो थेट आपल्याकडे बघतोय.

हे सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट यानं १६४८ साली केलेलं स्वतःचं व्यक्तिचित्र. ते तांब्याच्या पत्र्यावर एचिंग पद्धतीनं, म्हणजे रेघा ॲसिडनं धातूत खोल करून, केलेलं आणि कागदावर छापलेलं आहे. काम करत बसलेल्या छापचित्रकारांची चित्रं आणखीही आहेत, पण एचिंग समजून घ्यायचं असेल तर मी याच चित्रापाशी थांबायला सांगेन. चित्रातला माणूस जे काम करताना दिसतोय (किंवा दिसतोय असं वाटतंय), त्याच कामातून हे चित्र जन्मलंय. आणि त्या कामातली खरी अडचण अशी, की करणाऱ्याला आपण काय केलंय ते बराच वेळ धड दिसतच नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. नऊ वर्षांपूर्वी, १६३९ मध्ये, रेम्ब्रांटनं स्वतःचं असंच एक एचिंग केलं होतं. त्यात तो दगडी कठड्यावर कोपर टेकवून ऐटीत उभा आहे. मखमली टोपी, मोकळे केस, जुन्या इटालियन चित्रांत शोभेल असा पोशाख. तो थाट कुठून आला हेही माहीत आहे. इटालियन चित्रकार राफाएलनं रंगवलेलं कास्तिल्योने या दरबारी लेखकाचं व्यक्तिचित्र त्याच वर्षी ॲम्स्टरडॅममध्ये लिलावाला आलं होतं. रेम्ब्रांटनं त्याचं भराभर रेखाटन करून घेतलं आणि त्यावर किंमतही टिपून ठेवली: ३,५०० गिल्डर (तेव्हाचं डच नाणं). त्याच वर्षी त्यानं योडनब्रेस्त्राट या रस्त्यावर १३,००० गिल्डरला मोठं घर घेतलं. माणूस चढत्या काळात होता.

पुढे १६४२ मध्ये त्याची बायको सास्किया गेली. घराचे हप्ते थकत गेले. १६४८ मध्ये त्यानं हे स्वतःचं चित्र तांब्यावर काढलं, तेव्हा मखमल आणि कठडा दोन्ही गायब होते. दुःखानं माणूस साधा झाला, असं यावर लगेच लिहिलं जातं. मला ते उत्तर फारच सोयीचं वाटतं. कामाच्या कपड्यांत, हत्यार हातात धरून स्वतःला दाखवणं हाही एक पवित्राच आहे, आणि मखमलीपेक्षा कमी अभिमानाचा नाही.

तो नेमकं करतोय काय?

इथे संग्रहालयांचंही एकमत नाही. काही ठिकाणी या चित्राचं नाव ‘खिडकीपाशी रेखाटन करताना’ असं लावतात, काही ठिकाणी ‘खिडकीपाशी एचिंग करताना’. हातातलं हत्यार सुई आहे की पेन्सिलीसारखं काही, आणि हाताखाली कागद आहे की तांब्याचा पत्रा, हे चित्रात स्पष्ट केलेलं नाही.

हे अस्पष्ट ठेवणं किती वेगळं होतं, ते त्याच सुमाराच्या एका फ्रेंच चित्रकाराकडे पाहिलं की कळतं. अब्राहाम बॉस हा पॅरिसचा छापचित्रकार. १६४२ मध्ये त्यानं छापखान्याचं एक चित्र केलं. त्यात एक जण पत्र्यावर शाई लावतोय, दुसरा तळहातानं जादा शाई पुसतोय, तिसरा प्रेसच्या चाकाचे दांडे ओढतोय आणि वर दोऱ्यांवर ओल्या प्रती वाळत घातल्यात. सगळं चोख मांडलेलं. तीन वर्षांनी, १६४५ मध्ये, बॉसनं या कलेवर पुस्तकच लिहिलं, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी त्यावरून काम शिकून घेतलं. बॉस शिकवायला बसलाय. रेम्ब्रांट काहीच शिकवत नाही. प्रेस, शाई, ॲसिड, यातलं काहीही त्याच्या चित्रात नाही. आहे तो फक्त माणूस, हात आणि उजेड. त्यामुळे बाकीची प्रक्रिया आपल्याला बाहेरून भरून घ्यावी लागते.

ती अशी. तांब्याचा सपाट पत्रा घेऊन तो आरशासारखा गुळगुळीत करतात. इथे आळस चालत नाही, कारण राहिलेला प्रत्येक ओरखडा शाई धरतो आणि कागदावर उमटतो. मग पत्रा गरम करून त्यावर मेण, राळ आणि डांबरासारखं अस्फाल्ट यांच्या मिश्रणाचा पातळ थर पसरवतात. याला ग्राउंड म्हणतात. थर सगळीकडे सारखा बसला की बहुतेक जण तो पेटत्या मेणबत्त्यांवर उलटा धरून धुरानं काळा करतात.

आता सुई घ्यायची. सुईनं तांबं कोरायचं नसतं, फक्त मेणाचा थर बाजूला सारायचा असतो. हात कागदावर फिरावा तितक्या सहज फिरतो, आणि एचिंगचं सगळं आकर्षण त्यातच आहे. त्याआधीची पद्धत होती थेट धातू कोरण्याची. ब्युरिन नावाचं चौकोनी अंगाचं पोलादी हत्यार तळहाताच्या जोरानं पुढे ढकलायचं, वळण हवं असेल तर हत्याराऐवजी पत्रा फिरवायचा. ते अंगवळणी पडायला वर्षं लागायची. एचिंगमध्ये चित्र काढता येणाऱ्या माणसाला निदान रेघ तरी पहिल्या दिवसापासून मोकळी काढता येते. धातू खाण्याचं काम ॲसिड करतं.

हे तंत्र चित्रकारांनी शोधलेलं नाही. चिलखतं आणि तलवारींवर नक्षी उठवणारे कारागीर ते आधीपासून वापरत होते. साल नोंदवलेलं सगळ्यात जुनं एचिंग १५१३ चं, स्विस चित्रकार उर्स ग्राफचं. जर्मन चित्रकार ड्यूररनं १५१५ ते १५१८ या काळात काही एचिंग केली, पण ती लोखंडी पत्र्यांवर. लोखंड गंजतं, आणि गंजाचे डाग छापात उतरतात. तांब्यावर एचिंग रुळल्यावरच ते खरं बहरलं.

उलटं बघायची सवय

सुई फिरली, थर सरला, खालचं तांबं उघडं पडलं. समोर काय दिसतं? काळ्या पार्श्वभूमीवर तांबूस चमकणाऱ्या रेघा. छापल्यावर मात्र हे सगळं पालटणार: रेघा काळ्या, भोवतालचा कागद पांढरा. म्हणजे सावली गडद करण्यासाठी चित्रकार जितक्या रेघा ओढत जातो, तितकी त्याच्यासमोर ती जागा अधिकाधिक उजळत जाते. या चित्रातला डगला आणि मागची काळोखी भिंत करताना काळ्या पत्र्यावर उजेडाचं जाळं दाट होत गेलं असणार. गडदपणा किती झालाय, हे डोळ्याला विचारून उपयोग नाही, मनात हिशेब ठेवावा लागतो.

रेम्ब्रांटच्या नावावर सांगितली जाणारी ग्राउंडची एक कृती सतराव्या शतकातल्या इंग्रजी लिखाणात मिळते. तिच्यात काळ्या थरावर पुन्हा पांढरा थर द्यायला सांगितलंय. पांढऱ्या थरावर ओढलेली रेघ तांबूस आणि भोवतालपेक्षा गडद दिसते, म्हणजे कागदावर काढतोय असं निदान थोडंफार वाटतं. ही कृती खरोखर त्याची असेल तर तीही याच अडचणीवरची पळवाट म्हणायची.

दुसरी उलथापालथ डाव्या-उजव्याची. रबरी शिक्क्यावर अक्षरं उलटी असतात तसंच इथे: पत्र्यावरचं डावं कागदावर उजवीकडे जातं. सहीसुद्धा उलटी करावी लागते. तेवीस वर्षांचा असताना, १६२९ मध्ये, रेम्ब्रांटनं स्वतःचं एक मोठं एचिंग केलं. त्यावरची आद्याक्षरं आणि साल कागदावर उलटे उमटलेत, कारण पत्र्यावर त्यानं ते सरळच लिहिले होते. ॲम्स्टरडॅम शहराचं क्षितिज दाखवणारं त्याचं साधारण १६४० चं एचिंगही उलटं आहे. शहर ओळखणाऱ्याला कुठली इमारत कुठल्या बाजूला हवी ते माहीत होतं, पण रेम्ब्रांटनं त्याची पर्वा केलेली दिसत नाही.

स्वतःचं चित्र काढताना मात्र एक गंमत होते. चित्रकार आरशात बघतो. आरसा एकदा डावं-उजवं बदलतो आणि प्रेस पुन्हा एकदा बदलते. दोन उलटे मिळून सरळ. म्हणून १६४८ च्या या चित्रात हत्यार उजव्या हातात आहे. कॅनव्हासवरच्या स्वचित्रांत आरशामुळे काम करणारा हात डावा होऊन बसतो आणि चित्रकाराला तो सुधारावा किंवा लपवावा लागतो. तांब्यावर ही दुरुस्ती आपोआप होते.

हाच हिशेब पुढे नेला की खिडकीपाशी थोडं अडखळायला होतं. उजव्या हातानं बारीक काम करणारा माणूस उजेड डावीकडून घेतो, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली कामावर पडते. चित्रात खिडकी त्याच्या उजव्या अंगाला आहे. शिवाय एचिंग करणारे खिडकीला तेल लावलेल्या कागदाची चौकट लावायचे, कारण थेट उजेडात तांब्याच्या रेघा नुसत्या चमकतात, दिसत नाहीत. तसली चौकटही इथे नाही. माझा कयास असा की बैठक प्रत्यक्षात अशीच होती असं धरून चालू नये. चेहरा आरशातून आला असेल, खिडकी चित्राची गरज म्हणून आली असेल. अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा सावलीत ठेवायचा तर उजेड एका बाजूनंच यायला हवा.

आणि ती नजर. आपल्याकडे रोखलेली वाटते, पण खरं तर ती आरशावर आहे. सुई खाली टेकलेली, डोळे वर. एक रेघ संपलीय, दुसरी सुरू व्हायची आहे, मधल्या क्षणात तो स्वतःचं तोंड पुन्हा एकदा तपासून घेतोय.

ॲसिड, सुई, आणि पुन्हा सुई

रेखाटन झालं की पत्रा ॲसिडमध्ये. मेणाखालचं तांबं सुरक्षित राहतं, उघड्या रेघा खाल्ल्या जातात. पुढच्या काळात नायट्रिक ॲसिड सर्रास वापरलं गेलं. ते रेघांवर बुडबुडे धरतं, आणि ते बुडबुडे पक्ष्याच्या पिसानं हलवत राहावे लागतात, नाहीतर रेघ दातरी होते. आता बहुतेक जण फेरिक क्लोराइड वापरतात. त्याचा विषारी धूर नसतो आणि रेघ स्वच्छ येते. बॉसच्या पुस्तकात सिरका, मीठ, नवसागर आणि जंगाल (तांब्यावर चढणारा हिरवा थर) यांचं सौम्य मिश्रण दिलंय. ते पत्र्यावरून पुन्हा पुन्हा ओतायचं.

रेघ किती वेळ ॲसिडमध्ये राहिली यावर तिची खोली ठरते, आणि खोलीवर ठरतं ती किती शाई धरणार. हलकी हवी असलेली रेघ लवकर बाहेर काढून वार्निशानं झाकतात आणि बाकीच्या आणखी खाऊ देतात. हे सगळं अंदाजानं. थंडी-उकाड्यानं ॲसिडचा वेग बदलतो, मिश्रण जुनं झालं की मंदावतं. थर काढून पत्रा पुसला, की मगच कळतं काय झालंय, आणि तेही अर्धवट. पूर्ण कळायला छापूनच पाहावं लागतं.

पहिली प्रत हाती आली की रेम्ब्रांटचं खरं काम सुरू व्हायचं, असं त्याचे पत्रे बघून वाटतं. ॲसिडनं दिलेलं चित्र तो कच्चा माल समजायचा. मग थेट तांब्यावर सुई: मेण नाही, ॲसिड नाही. याला ड्रायपॉइंट म्हणतात. टोक धातूत रुतवून ओढलं की मधलं तांबं निघून जात नाही, रेघेच्या कडेला उभं राहतं. ही खरखरीत किनार, म्हणजे बर, शाई भरपूर धरून ठेवते आणि छापात रेघेभोवती मऊ, मखमली काळेपणा पसरतो. १६४८ च्या या स्वचित्रात एचिंग, ड्रायपॉइंट आणि ब्युरिन अशी तिन्ही हत्यारं वापरलीयत. चांगल्या प्रतीत डगल्याच्या आणि चेहऱ्याजवळच्या सावल्या भिंगाखाली बघा: एचिंगची रेघ एकसारख्या जाडीची, दोन्ही टोकं बोथट. ब्युरिनची रेघ बारीक सुरू होऊन मध्ये फुगते आणि पुन्हा निमुळती होते. ड्रायपॉइंटच्या रेघेला धूसर काठ. एवढं ओळखता आलं तर कुठलंही जुनं छापचित्र अर्धं वाचता येतं.

बरचं दुखणं हे की ती नाजूक असते. प्रेसच्या प्रत्येक फेरीत थोडी चेपते. काही डझन प्रती निघेपर्यंत, कधी त्याच्या कितीतरी आधीच, मखमल संपते आणि उरते नुसती करडी रेघ. एचिंगच्या खोल रेघा शेकडो प्रती सोसतात. म्हणून अशा मिश्र पत्र्याचं वय होतं तेव्हा सगळं चित्र सारखं म्हातारं होत नाही. गडद जागा आधी कोसळतात, आणि त्याबरोबर उजेडही, कारण उजेड शेजारच्या काळोखावरच उभा असतो.

छपाईचं थोडक्यात. पत्रा कोमट करून त्यावर घट्ट शाई चोळतात, ती रेघांत दाबून बसवतात, मग कडक जाळीदार कापडानं आणि शेवटी तळहातानं पृष्ठभाग पुसतात. रेघांतली शाई राहते, वरची जाते. कागद ओला करून, निथळून, त्यावर ठेवतात. वर लोकरीच्या घड्या, आणि दोन रुळांमधून सगळं दाबून काढतात. ओला कागद रेघांत शिरतो आणि शाई उचलून आणतो. म्हणूनच एचिंगमधली गडद रेघ बोटाला किंचित उंच लागते आणि पत्र्याच्या कडांचा चौकोन कागदात रुतलेला दिसतो.

पुसताना मुद्दाम थोडी शाई मागे ठेवली, तर त्या जागेवर धुकट छटा येते. रेम्ब्रांट विशेषतः १६४० च्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतर याचा खूप उपयोग करायला लागला. त्यामुळे एकाच पत्र्याच्या दोन प्रती एक संध्याकाळची, एक दुपारची वाटू शकतात. दोनशे वर्षांनी फ्रेंच चित्रकार एडगार डेगानं हे टोकाला नेलं. १८५७ मध्ये, तरुण वयात, त्यानं रोममध्ये जोसेफ तूर्नी या खोदचित्रकाराचं मेजापाशी बसलेलं एचिंग केलं. रेम्ब्रांटच्या या चित्राची आठवण त्यात स्पष्ट येते. त्याच पत्र्याच्या काही प्रतींवर त्यानं इतकी शाई ठेवली की माणूस अंधारात बुडत चालल्यासारखा दिसतो.

कागदाचीही तीच कथा. डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जपानहून कागद आणत होती, आणि साधारण १६४७ पासून रेम्ब्रांट तो वापरताना दिसतो. हा कागद किंचित पिवळसर, रेशमासारखा, शाई वरच्या वर धरून ठेवणारा. युरोपीय कागद जास्त पांढरा, त्यावर रेघ जास्त टोकदार. ड्रायपॉइंटची बर जपानी कागदावर कमी चेपते असाही अनुभव आहे, कारण तो मऊ असतो. संग्राहक जपानी कागदावरच्या प्रतींच्या मागे लागतात ते उगाच नाही, पण स्वच्छ पांढऱ्या कागदावरचा खिडकीचा उजेड मला जास्त पटतो. आवडीचा प्रश्न आहे.

चित्र एकच, अवस्था किती?

छापून पाहायचं, पत्र्यावर आणखी काम करायचं, पुन्हा छापायचं. पत्र्यात बदल झाल्यावरच्या प्रतींना नवी अवस्था धरतात. या स्वचित्राच्या अवस्था जुन्या सूचींमध्ये पाच मोजल्या होत्या, ‘न्यू होलस्टाइन’ या जुन्या छापचित्रांच्या सूचीत त्या नऊ आहेत. पत्रा तोच, मोजणाऱ्यांची नजर बारीक झाली. सुरुवातीला चित्रावर सही नव्हती. ‘रेम्ब्रांट’ आणि १६४८ हे साल नंतर आलं, वर डाव्या बाजूला.

सगळ्यात मजेशीर बदल खिडकीचा. आधीच्या अवस्थांमध्ये खिडकीबाहेर काहीही नाही. नुसता कोरा कागद, म्हणजे नुसता उजेड. नंतरच्या अवस्थांमध्ये तिथे निसर्गदृश्य येतं. ते रेम्ब्रांटनंच घातलं की नंतर कोणी दुसऱ्यानं, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मी स्वतः त्या दृश्याशिवायच्या अवस्थेच्या बाजूचा आहे. खिडकीत बघण्यासारखं काही आलं की डोळा तिकडे जातो, आणि मेजामागचा माणूस खोलीत बसलेला कोणीतरी होतो. कोऱ्या खिडकीत उजेड त्याच्यावर येऊन थांबतो.

दुसऱ्या हातांची शंका घ्यायला कारण आहे. रेम्ब्रांटनं सुमारे तीनशे एचिंग केली, आणि त्यातले ऐंशीच्या आसपास मूळ पत्रे अजून शिल्लक आहेत. पत्रे मालकाकडून मालकाकडे फिरत राहिले. क्लेमेंट द योंगे या ॲम्स्टरडॅमच्या छापचित्र-विक्रेत्याच्या १६७९ च्या मालमत्ता यादीत त्यातले बरेच आहेत. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये क्लोद-आंरी वातले आणि त्याच्यानंतर प्येर-फ्रांस्वा बासान यांच्याकडे मोठा साठा गेला. बासाननं त्यावरून नव्यानं छापून प्रती बाजारात आणल्या. झिजलेल्या रेघा उजळायला पत्र्यांवर पुन्हा हत्यार चालवलं गेलं. विसाव्या शतकात हा साठा अमेरिकेत बराच काळ एकत्र होता, १९९३ मध्ये तो विकला गेला आणि पत्रे पांगले. त्यामुळे ‘रेम्ब्रांटचं अस्सल एचिंग’ असं म्हणून समोर येणारा कागद त्याच्या हयातीतला असेल, किंवा त्याच्या मृत्यूनंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी पॅरिसमध्ये दुसऱ्याच कोणी छापलेलाही असेल. पत्रा अस्सल, हातही एकेकाळी अस्सल, पण मधल्या काळातली झीज आणि डागडुजी त्याच्यावर जमा झालेली.

ओळखायचं कसं? कागदाचा जलचिन्हांवरून (वॉटरमार्कवरून) तपास हा तज्ज्ञांचा भाग. पण या चित्रापुरतं साध्या नजरेलाही बरंच कळतं. आधी खिडकी बघायची: कोरी आहे की बाहेर काही दिसतंय? मग डगला आणि त्यामागची भिंत. चांगल्या प्रतीत तो काळोख खोल असतो, त्यात शिरता येतं, आणि डगला कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते डोळे सरावल्यावर कळायला लागतं. झिजलेल्या प्रतीत तिथे सपाट करड्या रेघांची जाळी उरते. शेवटी चेहऱ्याची सावलीतली बाजू, टोपीच्या काठाखालची. तिथल्या रेघा मिसळून जाण्याऐवजी सुट्या सुट्या मोजता येत असतील, तर त्या पत्र्यावरून तोवर पुष्कळ प्रती निघून गेल्या होत्या.